डब्यावर ठेवलेली हस्तपत्रिका

(वाचकांचे प्रश्न)

या महिन्यात चार पत्रं घेतली आहेत. तीन आपल्या मंडळ्यांतली आहेत, चौथं बाहेरून आलंय. चौघांचा विषय जवळपास एकच निघाला: जे ख्रिस्ताला मानत नाहीत त्यांच्यात राहताना ख्रिस्ताचं नाव आपण कसं वागवायचं. मी ३६ वर्षं रुग्णालयात सिस्टर म्हणून नोकरी केली आणि आता सोमवार पेठेत राहते. पाळक नाही, शास्त्री नाही. जे वॉर्डात आणि जिन्यात शिकले तेच लिहिते आहे.

प्रश्न १

ताई, सलाम. मी २७ वर्षांची आहे, खराडीला एका कंपनीत काम करते. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण आणि मी तीन वर्षं एकत्र डबा खात होतो. जूनमध्ये तिची आई कॅन्सरने गेली. तेरावं आटोपून ती कामावर आली, त्या दिवशी मी तिच्या डब्यावर एक हस्तपत्रिका ठेवली. ‘मृत्यूनंतर तुम्ही कोठे जाणार?’ असं वर छापलं होतं. आमच्या तरुण संघात दर महिन्याला किती जणांना साक्ष दिली, म्हणजे ख्रिस्ताविषयी सांगितलं, ते वहीत लिहितात. माझा रकाना रिकामा असतो. पण मी रकान्यासाठी केलं नाही, मला तिला धीर द्यायचा होता. तिने ती वाचली आणि म्हणाली, “माझी आई कुठे गेली ते तू सांगणार का मला?” तेव्हापासून ती दुसरीकडे जेवते. मी चुकले का? की सत्य बोलल्याची ही किंमत समजायची? यापुढे गप्प बसू का?
— वडगाव शेरी

उत्तर

चुकलीस, बाळ. हे आधीच सांगते, कारण ‘सत्याची किंमत’ या शब्दांच्या आडोशाला जाऊन बसणं फार सोपं आहे आणि तू तिथे जाऊ नयेस असं मला वाटतं. तुझ्या मैत्रिणीने ख्रिस्ताला नाकारलं असं अजिबात समजू नकोस. तिच्यापर्यंत तो आलाच कुठे? आईचे दिवस करून ती पहिल्यांदा माणसांत आली आणि पोळीभाजीच्या डब्यावर तिला एक छापील प्रश्न मिळाला.

हे मी तुला वरून सांगत नाही. मी तुझ्यापेक्षा मोठी चूक केलेली आहे.

१९७८ साल. मी २४ वर्षांची होते, पुण्यातल्याच एका रुग्णालयात बायकांच्या मेडिकल वॉर्डात रात्रपाळीला. मुळशीकडची एक आजी होती. हृदय थकलेलं, पायांना सूज, गळ्यात तुळशीची माळ. पहाटे तीनच्या सुमाराला तिचा श्वास बदलला. डॉक्टरांना बोलावलं, ते पाहून गेले, आता काही करण्यासारखं नाही म्हणाले. मी तिचा हात धरून बसले. इथपर्यंत ठीक होतं. मग मला वाटलं, हीच वेळ आहे, हिला आता कोण सांगणार? मी मोठ्याने प्रार्थना करायला लागले. तिच्या कानाशी वाकून “आजी, येशू म्हणा, येशू म्हणा” असं सांगत राहिले. तिचे ओठ हलत होते. मला केवढा आनंद झाला! ती गेली. मी मान वर केली तर पायथ्याशी तिचा मुलगा उभा होता, व्हरांड्यातून कधी आत आला कळलंच नाही. तो शांतपणे म्हणाला, “सिस्टर, आई विठ्ठल विठ्ठल म्हणत होती. तुमच्या आवाजात तिला तिचंच ऐकू येत नव्हतं.”

त्याने मेट्रनकडे तक्रार केली नाही. सकाळी मला हात जोडले आणि आईला घेऊन गेला. केली असती तक्रार तर बरं झालं असतं, असं मला नंतर कितीदा वाटलं. घरी येऊन मी रडले. माझी आई पंचहौदाच्या देवळात, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, रोज पहाटे प्रार्थनेला जाणारी बाई, ती तरी माझी बाजू घेईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “तू तिचा हात धरला होतास ना? मग तेवढाच धरून ठेवायचा होतास.”

पवित्र शास्त्रातली ईयोबाची गोष्ट काढून वाच, दुसऱ्या अध्यायाचा शेवट. त्याचं सगळं गेल्यावर तिघे मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले. कुणी एक शब्दही बोललं नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसत होतं. त्या मित्रांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेवढंच. पुढे त्यांनी तोंडं उघडली, देवाच्या बाजूने भरपूर बोलले, आणि शेवटी देवानेच त्यांना सांगितलं की तुमचं बोलणं बरोबर नव्हतं. देवाची बाजू घेऊनही माणूस चुकू शकतो.

साक्ष द्यायची म्हटलं की आपण पेत्राच्या पहिल्या पत्रातलं तिसऱ्या अध्यायाचं पंधरावं वचन पाठ म्हणतो. तुझ्या ठायी जी आशा आहे तिच्याविषयी ‘विचारपूस करणाऱ्या’ प्रत्येकाला उत्तर द्यायला तयार राहा, असं ते आहे. यात आधी कुणीतरी विचारपूस करायला हवी. तुझ्या मैत्रिणीने काही विचारलंच नव्हतं. आणि उत्तर कसं द्यायचं? सौम्यतेने आणि भीडस्तपणाने. आपल्या मराठी बायबलात हा शब्द किती सुंदर आलाय बघ. भीड म्हणजे समोरच्याचा मान राखताना आपल्याला जो संकोच वाटतो तो. हे पत्र ज्यांना लिहिलं ती माणसं थोडीथोडकी, परक्या लोकांत विखुरलेली होती, त्यांच्याबद्दल लोक नाही नाही ते बोलत होते. त्यांनाही पेत्र म्हणतो, भीड सोडू नका.

आता काय करायचं ते. उद्याच तिच्याकडे जा. तिच्या टेबलापाशी उभी राहा आणि म्हण, “त्या दिवशी मी तो कागद ठेवायला नको होता. तू दुःखात होतीस आणि मी माझंच पुढे केलं. मला माफ कर.” एवढंच. ‘पण माझा हेतू’ हे शब्द तोंडातून येऊ देऊ नकोस. हेतूचं स्पष्टीकरण आलं की माफी तिच्यासाठी राहत नाही, आपल्यासाठी होते. ती काही बोलली नाही तर परत ये. ती पुन्हा शेजारी बसली तर जेव, आणि तिच्या डब्यातलं मागून घे. योहानाच्या चौथ्या अध्यायात येशू विहिरीवर दमून बसला आहे आणि शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. यहुदी माणसाने शोमरोन्याच्या भांड्यातलं पाणी मागणं म्हणजे त्या काळात काय, हे पुण्याच्या पेठांत वाढलेल्यांना समजावून सांगायला नको. देणारा म्हणून तो तिथे आलेला नव्हता, तहानलेला होता. आपण मात्र नेहमी देणारेच होऊन जातो, आणि सतत देणाऱ्यासमोर बसायचा माणसाला कंटाळा येतो.

तिला तिच्या आईबद्दल विचार. आई काय छान करायची, कशावरून चिडायची, नाव काय होतं. वर्षश्राद्धाची तारीख फोनमध्ये लिहून ठेव आणि त्या दिवशी तिला एकटं जेवू देऊ नकोस. पण हे सगळं ‘म्हणजे मग ती ऐकेल’ म्हणून करणार असशील तर करू नकोस. माणसाला कळतं. हाताला हात लावून नाडी बघणारी सिस्टर कोणती आणि नुसता चार्ट भरणारी कोणती, हे पेशंटला डोळे मिटूनही कळतं.

तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला तर? माझी आई कुठे आहे? तर म्हण, “मला माहीत नाही.” अब्राहामाने देवाला विचारलं होतं, सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय? त्या न्यायाधीशावर माझा पूर्ण भरवसा आहे. त्याच्या खुर्चीवर मी बसणार नाही, तूही बसू नकोस.

आणि गप्प बसू का, याचं उत्तर: नाही, मुळीच नाही. सोमवारी तिने विचारलं, काल काय केलंस, तर ‘उपासनेला गेले होते’ हे सरळ सांग. भीती वाटली तेव्हा कशी प्रार्थना केलीस तेही सांग, आणि उत्तर मिळालं नाही तेही. येशूचं नाव घ्यायला लाजू नकोस. मी त्याच्यावाचून जगू शकत नाही आणि हे माझ्या सगळ्या शेजाऱ्यांना ठाऊक आहे. फक्त घाई करू नकोस. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली पाच वर्षं किती जड होती ते लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. आणि टिळकांनी लक्ष्मीबाईंना दुखावलं नाही असंही मी म्हणणार नाही, फार दुखावलं. पण लक्ष्मीबाई आल्या त्या स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या वेळेला. तेच टिळक म्हणत की तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. तुझ्या मैत्रिणीच्या आयुष्यात देवाने कुठला पूल बांधून ठेवलाय हे तुला काय माहीत? तो आधी पाडायला निघू नकोस.

राहिला रकाना. तरुण संघाच्या पुढाऱ्यांनी हे वाचलं तर माझी त्यांना कळकळीची विनंती आहे, ती वही बंद करा. तुम्हाला मुलांमध्ये उत्साह हवाय हे समजतं. पण आकड्यांच्या पायी या मुलीची तीन वर्षांची मैत्रीण गेली.

प्रश्न २

मी हिंजवडीला नोकरी करतो. ऑफिसच्या ईमेलखाली माझ्या सहीसोबत पवित्र शास्त्रातलं एक वचन येत असे. मॅनेजरने ते काढायला सांगितलं. याला विश्वासासाठी झालेला छळ म्हणावं का?
— एक बंधू

उत्तर

नाही. ऑफिसचा ईमेल ऑफिसचा आहे. दुसऱ्या कुणाला त्याच्या धर्माचं वचन घालू देत असतील आणि तुम्हालाच मना करत असतील, तर ते अन्यायाचं होईल आणि तसं शांतपणे विचारा. छळ हा शब्द जपून वापरा, भाऊ. ज्यांच्यावर खरोखर वेळ आली आहे त्यांच्यासाठी तो राखून ठेवायला हवा. वचन काढा आणि वरचा मजकूर नीट लिहा: वेळेवर उत्तर, दुसऱ्याच्या कामाचं श्रेय दुसऱ्याला, आणि चूक झाली असेल तर ‘चूक माझी’ हे दोन शब्द.

प्रश्न ३

आम्ही पिंपरीला ८४ घरांच्या सोसायटीत राहतो, ख्रिस्ती घर आमचं एकटं. गणपतीची वर्गणी, आरतीला यजमान म्हणून बोलावणं, घरोघरी येणारा प्रसाद, या तिन्ही वेळा मी दाराआडून तुटकपणे नाही म्हणतो, आणि वर्षभर माझी मुलं खाली एकटी पडतात. माझे वडील म्हणतात, या बाबतीत गोड बोलायचं नाही. तुम्ही काय करता?
— पिंपरी

उत्तर

मी काय करते तेवढंच सांगते. तुमच्या पाळकांचं मत वेगळं असेल तर त्यांच्याशीही बोला.

आरतीचा यजमान मी होणार नाही. ती माझी उपासना नव्हे, आणि खोटेपणाने हात जोडले तर ते माझ्या देवाशी अप्रामाणिक आणि शेजाऱ्यांच्या भक्तीचाही अपमान. पण हे दार उघडून सांगायचं असतं. हसून, माणसाला आत बसवून, पाणी विचारून. “माझी उपासना वेगळी आहे, म्हणून यजमानपण मला जमणार नाही. पण मांडवात काम असेल तर सांगा.” आणि मग खरंच जायचं. विसर्जनाच्या दिवशी पाणी वाटायला, पार्किंग सांभाळायला, लहान मुलांवर लक्ष ठेवायला माणसं कमीच पडतात. आमच्या इमारतीत उत्सवात रक्तदान शिबिर असतं. वर्गणी मी त्या शिबिरासाठी म्हणून देते आणि दिवसभर तिथे बसते. गेली कित्येक वर्षं माझ्याकडे वर्गणीची पावती कुणी वेगळी मागत नाही, शिबिराचीच आणून देतात.

प्रसादाचा प्रश्न करिंथच्या मंडळीलाही पडला होता, मूर्तीपुढे ठेवलेल्या मांसाच्या निमित्ताने. प्रेषित पौलाने त्यावर एका पत्रात तीन अध्याय लिहिले म्हणजे प्रश्न सोपा नव्हताच. समोर वाढलेलं न विचारता खा, असंही तो म्हणतो, आणि हे देवाला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं तर खाऊ नका, असंही म्हणतो. तुमचं मन काय सांगतं त्याला धरून राहा. मी घेत नाही. आमच्या समोरच्या काकूंना हे मी ३१ वर्षांपूर्वी, त्या राहायला आल्या त्या पहिल्याच गणपतीत, त्यांचे दोन्ही हात हातात घेऊन सांगितलं. दुसऱ्या वर्षी त्या एक छोटा डबा घेऊन आल्या. म्हणाल्या, “हे ताटातले नाहीत, तुझ्यासाठी वेगळे काढलेत.” त्यात दोन मोदक होते. तेव्हापासून दर वर्षी तो डबा येतो. माझा नकार त्यांनी असा झेलला. ख्रिस्ताचं प्रेम आपण लोकांना दाखवायचं असं आपण म्हणतो ना, मला ते दर भाद्रपदात काकूंच्या डब्यात दिसतं.

नाताळला आमच्याकडून करंज्या, चकल्या आणि केक जातो. केकमध्ये अंडं असतं, म्हणून काकूंचा केक बिनअंड्याचा, वेगळ्या भांड्यात.

तुमच्या वडिलांबद्दल. गोड बोलायचं नाही, या म्हणण्यामागे त्यांची निष्ठा आहे आणि तिचा मान ठेवा. कदाचित त्यांच्या तरुणपणी त्यांना याच गोष्टींवरून टोमणे ऐकावे लागले असतील. पण त्यांना प्रेषितांच्या कृत्यांतला १९ वा अध्याय वाचून दाखवा. इफिसमध्ये दंगल उसळली आहे, अर्तमी देवीच्या नावाने दोन तास लोक ओरडताहेत. तेव्हा नगराचा शिरस्तेदार उठतो आणि सांगतो की या माणसांनी देऊळ लुटलेलं नाही आणि आपल्या देवीची निंदाही केलेली नाही. पौल इफिसमध्ये दोन वर्षांहून जास्त राहिला होता, एकच देव आहे हे रोज शिकवत होता, आणि तरी विरोधी गावाचा अधिकारी भर सभेत म्हणू शकला की यांनी आमच्या देवीला शिवी दिली नाही! आपल्यापैकी किती जणांबद्दल शेजारी असं म्हणतील? घरात आपण दुसऱ्यांच्या देवांबद्दल कुठले शब्द वापरतो ते एकदा ऐका. ते शब्द मुलांच्या तोंडी जातात आणि मुलं ते घेऊन खाली खेळायला जातात. मुलं एकटी पडण्याचं एक कारण तिथेही असू शकेल.

प्रश्न ४

मी ख्रिस्ती नाही. खरं तर कुठलाच देव मानत नाही. सदाशिव पेठेत राहतो, गणिताचा निवृत्त शिक्षक आहे. शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब आहे, तुमचं मासिक त्यांच्याकडेच वाचायला मिळतं. गेल्या पावसाळ्यात मला डेंगी झाला तेव्हा त्यांनी बारा दिवस दोन्ही वेळा जेवण पोचवलं. मी कृतज्ञ आहे. पण ‘मी तुम्हाला माणसे धरणारे करीन’ असं तुमच्या शास्त्रात आहे. गळाला लावलेलं आमिष माशालाही प्रेमाने दिल्यासारखंच वाटत असेल. ती खिचडी आमिष होती का, हे त्यांना विचारायला मला संकोच वाटतो, म्हणून तुम्हाला विचारतो.
— एक वाचक

उत्तर

सर, नमस्कार. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि मला ते फार आवडलं, कारण तुम्ही शंका लपवली नाहीत.

ते वाक्य मत्तयाच्या चौथ्या अध्यायात आहे. गालील समुद्राच्या काठी दोघे भाऊ जाळं टाकत होते, त्यांना येशूने त्यांच्याच धंद्याच्या भाषेत बोलावलं. तिथे गळ नाही, जाळं आहे, असं मी म्हणू शकेन. पण माशाच्या बाजूने बघितलं तर त्याने काय फरक पडतो? तुमचा प्रश्न माशाच्या बाजूने आहे आणि तो खरा आहे.

पुण्याला ही शंका जुनी आहे. पंडिता रमाबाईंनी १८९० मध्ये शारदा सदन मुंबईहून पुण्यात आणलं. विधवा मुलींना आसरा आणि शिक्षण, धर्माची सक्ती नाही, असा शब्द होता. रमाबाई ख्रिस्ती झालेल्या, त्या आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये गावात वादळ उठलं, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई माझ्या मनात फार मोठ्या आहेत. केशवपन केलेल्या पोरींना माणूस म्हणून उभं करणाऱ्या बायका तेव्हा या शहरात कितीशा होत्या? तरीही त्या पालकांची धास्ती मला कळते. दार उघडं ठेवणं आणि दारातून ओढणं यांतलं अंतर आतल्या माणसाला दिसतं, बाहेरून ते दिसत नाही.

आणि ओढणंही झालेलं आहे. कुठे धान्याच्या पोत्याबरोबर, कुठे शाळेतल्या जागेबरोबर, कुठे आजाऱ्याच्या खाटेशी. शेवटचं तर मी स्वतः केलं आहे, वर लिहिलंच आहे. जिथे जिथे असं झालं तिथे ते पाप होतं, आणि ख्रिस्ताचं नाव लावल्याने ते आणखी मोठं झालं. आपल्या घटनेच्या कलम २५ ने धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. प्रसार म्हणजे आपल्या धर्माची शिकवण मांडणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा तो हक्क नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितलं. त्या निकालावर आमच्यात पुष्कळ नाराजी आहे. मला मात्र वाटतं, मन बदलणं ही गोष्ट माणूस आणि देव यांच्यातली आहे, माझ्या हातात सांगण्यापलीकडे काही नव्हतंच.

तुमच्या शेजाऱ्यांच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. पण तुम्ही गणिताचे, म्हणून एक ताळा सुचवते. त्यांना सरळ सांगा, “मी तुमच्या देवाला मानत नाही आणि मानेन असं वाटत नाही.” मग पुढच्या आजारपणात जेवण येतं का बघा. नाही आलं तर ते आमिष होतं. मार्काच्या दहाव्या अध्यायात एक श्रीमंत माणूस येशूकडे येतो. येशू त्याच्याकडे न्याहाळून पाहतो आणि त्याच्यावर प्रीती करतो, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. मग त्याला जे सांगायचं ते सांगतो. त्या माणसाला ते पटत नाही, तो खिन्न होऊन निघून जातो. येशू त्याच्या मागे धावत नाही, अट कमी करून देत नाही, आणि जाणाऱ्यावरची प्रीती परत घेतली असंही कुठे लिहिलेलं नाही. आमच्या वागण्याचा ताळा आम्हीही तिथेच करायला हवा.

आषाढीच्या आधी पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी आणि माउलींची भवानी पेठेत. निवृत्त झाल्यापासून आम्ही चार-पाच सिस्टर तिथे वारकऱ्यांचे पाय बघायला बसतो. कोमट पाण्याने धुवायचे, फोड न फोडता गॉझ लावायचं, भेगांना मलम लावायचं, साखर असलेल्यांच्या तळव्याला कुठे जखम नाही ना ते नीट बघायचं. एका वर्षी मंडळीतल्या कुणीतरी सुचवलं की मलमाच्या पिशवीत एकेक हस्तपत्रिका घालू या. मी नाही म्हटलं. त्या माणसाला राग आला, येशूने शिष्यांचे पाय धुतले हे निदान सांगायला नको का, म्हणाला. मी म्हटलं, येशूने पाय धुतले तेव्हा त्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही धुतले, आणि काही मिळवायला धुतले नाहीत. त्याच दिवशी बार्शीकडच्या एका म्हातारबाबांनी मला विचारलं, “बाई, तुमच्या गळ्यात क्रूस दिसतोय, आणि आमच्या पायांना हात लावताय?” तेव्हा मी सांगितलं, मी ज्याला मानते त्याने हे काम करून दाखवलंय. ते म्हणाले, “मग तुमचा देव आमच्यातलाच दिसतो,” आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. मी पुढे काही बोलले नाही. त्या हाताचा स्पर्श मला अजून आठवतो.

आता मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही, सर. तुम्हाला ख्रिस्त भेटावा असं मला वाटतं का? वाटतं. मनापासून वाटतं. तुमच्या शेजाऱ्यांनाही वाटत असणार. ज्याने मला १९७८ च्या त्या रात्रीनंतर टाकून दिलं नाही, तो कुणालाही भेटावा असंच मला वाटेल. हे लपवून मी गोड वागले तर तोच खरा गळ होईल. हे तुम्हाला माहीत असावं, आणि माहीत असूनही तुम्ही निर्धास्तपणे आमच्या ताटात जेवावं, एवढंच माझं मागणं आहे. समोरच्या काकूंना माझं हे मन पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. त्या माझ्या देवाकडे आल्या नाहीत. त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी रात्री दवाखान्यात मी झोपले होते, आणि माझे मिस्टर गेले तेव्हा माझ्या घरात तीन दिवस चूल त्यांनीच सांभाळली.

१८९० मध्ये पंचहौदच्या ख्रिस्ती मिशनमध्ये गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या पतींनी, एक व्याख्यान ठरवलं. त्यानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. कुणी प्यायले, कुणी भिडेखातर नुसता पेला हाती धरला. मग जोशींनीच सगळ्यांची नावं वर्तमानपत्रात फोडली, आणि ख्रिस्त्यांकडचा चहा घेतला म्हणून प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानड्यांना आणि लोकमान्यांनाही प्रायश्चित्ताच्या भानगडीतून जावं लागलं. तिथल्या चर्चच्या मनोऱ्याच्या घंटा ऐकत मी लहानाची मोठी झाले, आणि मला नेहमी वाटतं, त्या दिवशी पेला हातात घेतलेल्यांना मिशनमधल्या कुणी निवांत विचारलं असेल का, की तुम्हाला साखर किती? तुम्ही माझ्याकडे चहाला या. मासिकाच्या कार्यालयात निरोप ठेवा, ते कळवतील. विषय तुम्ही काढाल तो.

आणि खिचडीचं त्यांनाच विचारा, सर. संकोच वाटत असेल तर सोपी वाट आहे. बारा दिवस ते डबे आले, म्हणजे बारा दिवस ते परतही गेले असतील. आजारपणात तुम्ही रिकामेच पाठवले असतील, त्याबद्दल कुणी काही म्हणणार नाही. आता बरे आहात. एक डबा घ्या, तुम्हाला जे करता येतं ते त्यात भरा, साधे पोहे चालतील, आणि त्यांच्या दारावर टकटक करून आत बसून विचारा.